विंडोज पुन्हा टाकता येते, खातेवही पुन्हा मिळत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. दिवाळी तेव्हा आठवड्यावर आली होती. सोयाबीन बाजारात उतरू लागले होते आणि चिखलीच्या कापड दुकानांत कोणाला मान वर करायला फुरसत नव्हती. त्यामुळे ही तारीख आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानातही आली नाही. आणि येणार तरी कशी? त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तो सुरू झाला आणि त्याने नेहमीप्रमाणे बिले छापली.

बदल झाला तो न दिसणारा होता. विंडोजमध्ये एखादी चोरवाट सापडली की ती बुजवण्यासाठी कंपनी दर महिन्याला दुरुस्ती पाठवीत असे. ती दुरुस्ती विंडोज १० साठी थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची जादा मुदत देण्यात आली, पण मुदत ही मुदतच असते. सबब, जुना संगणक पुसून त्यावर विंडोज ११ टाकणे किंवा नवा संगणक घेऊन त्यावर जुना हिशोब चढवणे, या दोहोंपैकी एक काम प्रत्येक दुकानदाराच्या वाट्याला येणारच आहे.

हे काम करून देणारी मुले आता प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. 'शेठ, फॉरमॅट मारून देतो, दोन तासांत मशीन नवे होईल' असे ती सांगतात, आणि त्यात खोटे काही नसते. मशीन खरोखरच दोन तासांत नवे होते. प्रश्न मशीनचा नाही. त्या दोन तासांत जे पुसले जाते ते परत कोठून आणायचे, हा प्रश्न आहे. विंडोज बाजारात मिळते, टॅली मिळते, प्रिंटर मिळतो. तुमच्या दुकानाची उधारी मात्र जगात एकाच ठिकाणी लिहिलेली असते.

कपाट आणि कपाटातला माल

संगणकाची कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नेमकी काय, हे दुकानाच्या भाषेत समजून घेऊ. विंडोज म्हणजे दुकानाची इमारत, कपाटे आणि दिवाबत्ती. टॅली किंवा बिलाचा कोणताही प्रोग्रॅम म्हणजे मीटरपट्टी आणि कात्री. आणि आपण भरलेल्या नोंदी म्हणजे कपाटातला माल व गल्ल्याजवळची वही. इमारत नवी बांधता येते, कात्री नवी घेता येते. वही मात्र ज्याची त्यानेच जपावी लागते.

दुकानाला रंग द्यायचा ठरला की रंगारी येण्याआधी आपण कपाटांतील सारी थाने उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवतो. रंगाऱ्याने ती उतरवावीत अशी अपेक्षा आपण करीत नाही. उतरवलीच तर मोजून ठेवील, असेही धरून चालत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र तोच व्यापारी 'डेटा तेवढा सांभाळ रे' एवढे एक वाक्य बोलून चहा प्यायला बाहेर जातो. डेटा कोठे आहे, किती आहे, हे त्या मुलाला माहीत नसते आणि पुष्कळदा मालकालाही नसते.

एक गैरसमज सर्वत्र आढळतो. 'माझा हिशोब सी ड्राइव्हमध्ये नाही, डी ड्राइव्हमध्ये आहे, म्हणून तो सुरक्षित आहे' असे सांगितले जाते. बहुतेक दुकानी संगणकांत सी आणि डी या एकाच हार्ड डिस्कच्या दोन खोल्या असतात. नुसती सी खोली पुसली तर डी वाचते, हे खरे. पण विंडोज टाकताना जुन्या खोल्या मोडून नव्याने आखल्या तर दोन्ही जातात, आणि डिस्कच जळाली तर दोन्ही एकदमच जातात. एका छताखालच्या दोन खोल्यांना दोन गोदामे म्हणता येत नाही.

पुसलेले परत मिळते काय? जुन्या प्रकारच्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये घाईने केलेल्या फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका फाडली जाते. पाने जागेवर असतात, आणि त्यांवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जाणकार माणूस त्यांतली बरीच वाचू शकतो. नव्या संगणकांतल्या एसएसडी डिस्कचे तसे नाही. पुसलेली जागा ती डिस्क स्वतःच लवकर साफ करून टाकते, त्यामुळे तेथे आशा फार थोडी असते. तात्पर्य, चुकून काही पुसले गेले तर त्या क्षणी संगणक बंद करावा. त्यावर पुन्हा विंडोज टाकणे म्हणजे हरवलेल्या वहीच्या पानांवर नवी बिले लिहिणे होय.

बाहेरून काय परत येते आणि काय येत नाही

'सगळे तर ऑनलाइन आहे, जीएसटीच्या पोर्टलवर आहे, काय जाणार आहे?' असेही काही बांधव म्हणतात. या म्हणण्याची नीट खातरजमा केली पाहिजे.

समजा, दुकानाचा सारा हिशोब पुसला गेला. खरेदीची बाजू बऱ्याच अंशी परत उभी करता येईल. नोंदणीकृत व्यापाऱ्याने तुम्हाला दिलेले बिल त्याच्या विवरणपत्रातून तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये येते. सुरतेचा, मालेगावचा, भिवंडीचा, इचलकरंजीचा आडत्या त्याच्याकडचा तुमचा खातेउतारा पाठवू शकतो. ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या आणि ई-वे बिले असतात. बँकेचा उतारा बँक देते. थोडक्यात, तुम्ही लोकांचे किती देणे लागता, हे सांगायला चार ठिकाणे तयार आहेत.

आता विक्रीची बाजू पाहा. नोंदणी नसलेल्या आपल्या राज्यातील किरकोळ गिऱ्हाइकाची विक्री जीएसटीआर-१ मध्ये कराच्या दराप्रमाणे एकत्रित आकड्यात जाते. तेथे गिऱ्हाइकाचे नाव नसते. अमडापूरच्या शेतकऱ्याने मुलीच्या लग्नाचा बस्ता उधारीवर बांधला, उंद्रीच्या शिंप्याने अस्तराचे थान नेले, केळवदच्या माणसाने पोरांचे गणवेश नेले आणि निम्मे पैसे सोयाबीन विकल्यावर देतो म्हणाला, यांपैकी एकही गोष्ट सरकारच्या कोणत्याही पोर्टलवर नाही. बँकेत नाही, सी.ए.कडे नाही. लोक तुमचे किती देणे लागतात हे फक्त तुमच्या संगणकालाच माहीत असते.

एका स्नेह्याच्या दुकानात हे घडताना पाहिले. त्याचे गाव आणि नाव येथे सांगण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात संगणक फार हळू चालू लागला म्हणून तो पुसून घेतला. पेन ड्राइव्हवर बॅकअप होता. तो लावला तेव्हा कळले की तो आधीच्या दिवाळीचा आहे. मधल्या काळात सारी लग्नसराई येऊन गेली होती. खरेदी दोन आठवड्यांत जुळली. बँक तीन दिवसांत जुळली. उधारीसाठी त्याने गिऱ्हाइकांना फोन लावले. पुष्कळांनी आपण होऊन आकडा सांगितला, आणि गावातला माणूस किती प्रामाणिक असतो याचाही त्याला अनुभव आला. पण काहींना आकडा खरेच आठवत नव्हता, काहींना कमी आठवत होता, आणि दोन जुनी घरे 'तुम्ही आमच्यावर शंका घेता काय?' म्हणून कायमची तुटली. पैसा गेला त्याहून हे नुकसान मोठे होते. वहीत लिहिलेला आकडा दोघांनाही वादापासून वाचवतो. वही गेली की दोघेही उघडे पडतात.

याच प्रकारात आणखी एक अडचण आली. जुना बॅकअप लावल्यामुळे बिलांचे क्रमांक जुन्या जागेवरून पुन्हा सुरू झाले. जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असला पाहिजे. एकाच क्रमांकाची दोन बिले निघाली की खुलासे देत बसावे लागते.

कायद्याची बाजू

ही केवळ सोयीची गोष्ट नाही, कायद्याचीही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उदाहरणार्थ, २०२४-२५ या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची देय तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. म्हणजे त्या वर्षाचा हिशोब ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी हवा. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही जास्त काळ.

नियम ५७ तर थेट संगणकाविषयीच आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदींचा योग्य बॅकअप असा ठेवावा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने त्या नष्ट झाल्या तर वाजवी वेळेत परत उभ्या करता याव्यात, असा त्याचा आशय आहे. नियम नुसते 'बॅकअप ठेवा' म्हणून थांबत नाही, तो परत उभा करता आला पाहिजे असे म्हणतो. हा फरक पुढेही उपयोगी पडणार आहे.

पोर्टलवर जुनी विवरणपत्रे कायम राहतील या भरवशावरही बसू नये. सात वर्षांपलीकडची विवरणपत्रे पोर्टलवर पाहता येणार नाहीत, असे धोरण जीएसटी नेटवर्कने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. जुनी विवरणपत्रे उतरवून घेऊन आपल्याजवळ ठेवणे हे आता व्यापाऱ्याचे काम झाले आहे.

न्हावाशेव्याला काय घडले

'आमचे छोटे दुकान, आमच्या मागे कोण लागणार?' असे म्हणणाऱ्यांनी २७ जून २०१७ ची हकीकत जाणून घ्यावी. युक्रेन देशात कर आणि हिशोबासाठी वापरला जाणारा एम.ई.डॉक नावाचा प्रोग्रॅम आहे. आपल्याकडे टॅली तसा तिकडे तो. त्याच्या अपडेटमधून एक विषाणू सोडला गेला. पुढे त्याला नॉटपेट्या हे नाव पडले. तो विषाणू युक्रेनसाठी सोडला होता, पण तेथे कचेरी असलेल्या डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीत तो शिरला आणि काही तासांत जगभर पसरला. आपल्या महाराष्ट्रात न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाचे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल आहे. तेथील संगणक बंद पडले, कंटेनरची कामे हाताने करावी लागली आणि माल अडकून पडला. कोठला तो युक्रेनचा हिशोबनीस आणि कोठला रायगड जिल्ह्यात ट्रक घेऊन उभा असलेला ड्रायव्हर! कोणी कोणाच्या मागे लागले नव्हते.

मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे जाहीरपणे सांगितले की, कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रोग्रॅम दहा दिवसांत नव्याने भरावे लागले. आपल्या दुकानात एक संगणक नव्याने भरायचा तर धांदल उडते, तेथे पंचेचाळीस हजार होते. पण सर्वांत मोठी अडचण संगणक भरण्याची नव्हती. कोण माणूस कोणत्या संगणकात शिरू शकतो याची मुख्य नोंदवही जगभरातील सुमारे १५० यंत्रांवर ठेवलेली होती. एक बिघडले तर दुसऱ्यावरून घेता यावे, म्हणून ती सारी यंत्रे एकमेकांशी सतत जोडलेली होती. जोडलेली होती म्हणूनच सारी एकदम पुसली गेली.

वाचले ते फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशातले. ते का वाचले? तर विषाणू आला तेव्हा तेथे वीज गेलेली होती आणि ते यंत्र बंद पडले होते. ती एक प्रत विमानाने माणसाच्या हाती इंग्लंडला पोचवण्यात आली आणि तिच्यावरून पुढचे सारे उभे राहिले. भारनियमनाला शिव्या देण्यात ज्या विदर्भाची वर्षे गेली, तेथल्या वाचकाला हे वाचून हसू येईल. पण यातला धडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जोडून ठेवलेली प्रत मुख्य यंत्राबरोबर मरते. तोडून ठेवलेली प्रत वाचते. आपल्याकडे रात्रंदिवस संगणकालाच खोचून ठेवलेला पेन ड्राइव्ह पुष्कळ दुकानांत दिसतो. त्याला बॅकअप म्हणता येणार नाही.

पुसण्याआधीचे काम

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. खरे काम विंडोज टाकण्याचे नसून त्याआधीचे आहे. त्यासाठी दुकानाचा एक सुटीचा दिवस राखून ठेवावा, गिऱ्हाइकीच्या दिवशी हे काम काढू नये.

पहिली गोष्ट, पुसण्याची गरज आहे काय ते पाहावे. संगणक बसत असेल तर विंडोज १० वरच विंडोज ११ चढवता येते, तेव्हा फायली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर सहसा या यादीत नसतो. अशा यंत्रावर खटपटी करून विंडोज ११ टाकून घेण्यापेक्षा नव्या यंत्राची तजवीज करावी. विषाणू शिरला असेल किंवा यंत्र अगदीच मंदावले असेल तर मात्र पुसणेच बरे. यांपैकी काहीही केले तरी पुढची तयारी चुकत नाही.

दुसरी गोष्ट, माल कोठे कोठे आहे याची यादी करावी. टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे तो मार्ग कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतो. तो कागदावर उतरवून घ्यावा. त्याखेरीज डेस्कटॉपवर पडलेल्या फायली, डाउनलोडमधली विवरणपत्रे, एक्सेलमधले भाव, बिलांची छायाचित्रे, बारकोडच्या चिठ्ठीचा नमुना, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. हे सारे वेगवेगळ्या कोपऱ्यांत असते आणि फॉरमॅटनंतरच आठवते.

तिसरी गोष्ट, दोन प्रकारे प्रत घ्यावी. टॅलीतूनच बॅकअप घ्यावा आणि शिवाय टॅली बंद करून डेटाचे संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उतरवावे. एक पेन ड्राइव्हवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर.

चौथी गोष्ट, आणि हीच सर्वांत अगत्याची. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. आपल्या कर सल्लागाराकडे टॅली असतेच. त्याची टॅली आपल्याइतकी किंवा आपल्याहून नवी असली पाहिजे, कारण नव्या टॅलीचा डेटा जुन्या टॅलीत उघडत नाही. तेथे शेवटचे बिल दिसले, उधारी दिसली, की प्रत खरी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली गाठ. आत बारा थाने आहेत की चिंध्या, हे गाठ सोडल्याशिवाय कळत नाही.

पाचवी गोष्ट, एक कागद छापून घ्यावा. त्यावर त्या दिवसाची तेरीज, रोख शिल्लक, बँकेची शिल्लक, एकूण येणे, एकूण देणे, साठ्याची किंमत आणि शेवटचा बिल क्रमांक असावा. आपल्या वाडवडिलांनी वही बदलताना जुन्या वहीची तेरीज नव्या वहीशी जुळवल्याशिवाय कधी पान उलटले नाही. तोच रिवाज येथे हवा. याबरोबरच येणे असलेल्या गिऱ्हाइकांची नाववार यादी कागदावर छापून कपाटात ठेवावी.

सहावी गोष्ट, परवाने आणि चाव्या. टॅलीचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. पुसण्याआधी तो टॅलीमधूनच परत करावा, म्हणजे नंतर पुन्हा चालू करताना अडत नाही. टॅलीत व्हॉल्ट पासवर्ड लावला असेल तर तो लिहून ठेवावा, तो हरवला तर बॅकअप असूनही उघडणार नाही. विंडोजमध्ये बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी चावी आधीच काढून ठेवावी. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र सुरू केले की असे कुलूप आपोआप लागू शकते. पुढे यंत्र बिघडले आणि डिस्क दुसरीकडे लावून वाचायची वेळ आली, तर त्या चावीशिवाय मालकालाही आपल्याच घरात शिरता येत नाही.

टाकताना आणि परत भरताना

विंडोज अस्सल घ्यावी. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती उतरवता येते. ज्या संगणकावर आधी परवान्याची विंडोज १० किंवा ११ चालू होती, तेथे परवाना बहुधा त्या यंत्राच्या नावेच नोंदलेला असतो. इंटरनेट जोडले की तो आपोआप ओळखला जातो, नवी चावी विकत घ्यावी लागत नाही. कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरची, कुलूप फोडलेली विंडोज फुकट मिळते म्हणून टाकून घेऊ नये. ज्याने एक कुलूप फोडले त्याने आत काय ठेवून दिले हे आपल्याला कळत नाही, आणि त्याच यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करणार असतो.

विंडोज टाकताना खोल्या मोडण्याचा पडदा येतो, त्या वेळी मालकाने स्वतः शेजारी बसावे. बॅकअपचा पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क तेव्हा यंत्राला लावलेली नसावी, चुकून तीच पुसली जाण्याचे प्रकार घडतात. विंडोजमध्ये 'माझ्या फायली ठेवा' असाही एक पर्याय दिसतो. तो घरच्या फोटोंसाठी ठीक आहे. त्यात बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम निघून जातात, म्हणून दुकानाचा हिशोब त्या भरवशावर सोडू नये.

विंडोज बसल्यावर आधी तिच्या साऱ्या दुरुस्त्या उतरवून घ्याव्यात, मग प्रिंटर, मग टॅली, आणि सर्वांत शेवटी डेटा. टॅलीत परत भरताना एक सावधगिरी हवी. त्याच जागी त्याच क्रमांकाची कंपनी आधीच असेल तर जुना डेटा नव्यावर बसतो आणि नवा जातो. म्हणून परत भरताना रिकामे नवे फोल्डर निवडावे.

मग तो छापलेला कागद काढावा. तेरीज जुळली काय? रोख, बँक, येणे, देणे, साठा जुळला काय? शेवटचा बिल क्रमांक तोच आहे काय? यादीतली कोणतीही पाच गिऱ्हाइके निवडून त्यांची खाती नोंदीनोंदीने पाहावीत. सारे जुळले तरच पहिले नवे बिल फाडावे. माझ्या दुकानातला संगणक याच क्रमाने नव्याने भरून घेतला. विंडोजला दीड तास लागला, तयारीला आणि जुळवणीला सारा दिवस गेला. तो दिवस वाया गेला असे मला वाटत नाही. आणि जुना बॅकअप महिनाभर तरी तसाच ठेवावा, कारण काही उणिवा पहिला महिना मिटवतानाच ध्यानात येतात.

फाइल आली, अक्षरे आली नाहीत

एक अडचण खास आपल्या भाषांची आहे आणि तिचा उल्लेख इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. आपल्यापैकी कित्येकांकडे वर्षानुवर्षांच्या मराठी फायली श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत आहेत. उर्दूतील पत्रे, लग्नपत्रिकांचे मजकूर, शाळेचे कागद इनपेजमध्ये आहेत. अशी फाइल बॅकअपमधून अगदी सुखरूप परत येते, पण उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. कारण त्या पद्धतीत 'क' हे अक्षर फाइलमध्ये नसतेच, ते टंकात असते. टंक पुसला गेला की भाषाही गेली. इनपेजची जुनी फाइल तर इनपेजशिवाय उघडतच नाही.

म्हणून पुसण्याआधी टंकांचे फोल्डर वेगळे उतरवून घ्यावे, त्या प्रोग्रॅमची मूळ डिस्क आणि चावी शोधून ठेवावी, आणि महत्त्वाच्या प्रत्येक कागदाची पीडीएफ प्रत काढावी. पीडीएफमध्ये टंक आतच बांधून ठेवता येतो. कायमचा इलाज युनिकोडचा आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे टंक बदलला तरी मजकूर वाचता येतो. नवे लिखाण तरी त्यातच करावे.

तीन प्रती, दोन जागा

जाणकारांनी यासाठी एक सोपा नियम घालून दिला आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुकानाबाहेर असावी. शेवटची अट लोकांना जादा वाटते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांत पाणी शिरले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरील फायली जळाल्या. पाणी आणि आग कोणती वही मूळ आणि कोणती नक्कल हे विचारत नाहीत. दुकानातला संगणक आणि दुकानातल्याच कपाटातला पेन ड्राइव्ह एकाच वेळी जातात.

चिखलीसारख्या गावी हे पाळणे कठीण नाही. दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. रोज दुकान वाढवताना टॅलीचा बॅकअप एकीवर घ्यावा, ती काढावी आणि घरी न्यावी. आठवड्याने दुसरी आणावी. गल्ला आपण रोज रात्री घरी नेतोच, त्याच्याबरोबर वहीही न्यावी, एवढाच याचा अर्थ. तिसरी प्रत इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवता येते. महिन्यातून एकदा त्यांपैकी कोणतीही एक प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी, आणि वर्षाच्या शेवटी तेरीज व येण्याची यादी कागदावर छापून फाइलला लावावी. ३१ मार्च हा दिवस जगभर बॅकअप दिन म्हणूनही पाळला जातो. आपले आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपते. व्यापाऱ्याला लक्षात ठेवायला यापेक्षा सोपी तारीख दुसरी नाही.

विंडोज ११ लाही एक दिवस मुदत येईल. विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ रोजी आली, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी आली. संगणक बदलत राहतील आणि ते पुसून देणारी मुलेही बदलत राहतील. ज्या शेतकऱ्याने आपल्या शब्दावर विश्वास ठेवून बस्ता बांधून नेला आणि आकडा आपल्या वहीत लिहू दिला, त्याचा तो आकडा आपल्याकडे अमानत आहे. तो बरोबर सांभाळणे ही दुकानदाराची जिम्मेदारी आहे, संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाची नव्हे.